मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि चोवीस रकाने

पेपर वाचून झाला की शेवटचं पान उलटा आणि अगदी तळाशी बघा. शब्दकोडं, जाहिराती, त्यांच्याही खाली. मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते. हे वृत्तपत्र अमुक यांनी तमुक यांच्याकरिता अमक्या छापखान्यात, अमक्या पत्त्यावर छापून तमक्या पत्त्यावरून प्रसिद्ध केले, संपादक फलाणे. बऱ्याचदा संपादकाच्या नावापुढे एक चांदणी असते आणि बाजूला ‘पीआरबी कायद्यानुसार जबाबदार’ अशा अर्थाचं काहीतरी. ही ओळ कोणी वाचत नाही. सॉफ्टवेअर टाकताना येणारा करार जसा कोणी वाचत नाही, तशीच.

हा पीआरबी कायदा म्हणजे १८६७ सालचा मुद्रणालये आणि पुस्तक नोंदणीचा कायदा. सत्तावनच्या उठावाला दहा वर्षं झाली होती. या कायद्यात लेख तपासून घ्यायची सक्ती नव्हती, छापण्याआधी परवानगी मागा असंही नव्हतं. मागणी साधी होती. छापलेल्या प्रत्येक कागदावर छापणाऱ्याचं नाव आणि छापण्याची जागा पाहिजे. छापखाना ठेवायचा तर मॅजिस्ट्रेटसमोर जाऊन तसं सांगायचं. वर्तमानपत्र काढायचं तर मुद्रकाने आणि प्रकाशकाने पुन्हा मॅजिस्ट्रेटसमोर जाऊन लिहून द्यायचं. पुढे १९२२ साली त्यात आणखी एक भर पडली. वर्तमानपत्राच्या प्रत्येक प्रतीवर संपादकाचं नावही स्पष्ट छापलं पाहिजे.

ही कल्पना १८६७ ची नव्हे, त्याहून जुनी आहे. १७९९ साली गव्हर्नर जनरल वेलस्लीने कलकत्त्याच्या छापखान्यांसाठी पाच कलमी नियम काढले. मुद्रकाने पेपरच्या तळाशी आपलं नाव छापायचं, मालक आणि संपादकाने आपलं नाव आणि राहण्याचा पत्ता सरकारच्या सेक्रेटरीकडे द्यायचा, सेक्रेटरीने बघितल्याशिवाय काही छापायचं नाही, आणि (हे माझं आवडतं कलम) रविवारी पेपर काढायचा नाही. म्हणजे शनिवार-रविवार बसून लिहिणाऱ्या माझ्यासारख्याची सोयच नव्हती. नियम मोडला तर पहिल्या बोटीने युरोपला रवानगी. त्याच वर्षी खुद्द इंग्लंडातही, फ्रेंच क्रांतीच्या धास्तीने, प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव-पत्ता टाकायची सक्ती झाली. रविवारची बंदी, आधी तपासणी वगैरे गोष्टी काळाच्या ओघात गेल्या. नाव आणि पत्ता तेवढा टिकला.

आपल्या पिढीला हा प्रकार अगदी ओळखीचा आहे. दोन हजारच्या दशकात ज्यांनी हौसेने स्वतःच्या नावाचं डोमेन घेतलं असेल त्यांना आठवत असेल. पैसे भरायच्या आधी नाव, घरचा पत्ता, फोन नंबर, ईमेल, सगळं भरून द्यायचं, आणि ती माहिती ‘हूइज’ नावाच्या जाहीर यादीत जायची. जगातल्या कोणीही यावं आणि बघावं. मी डोमेन घेतलं आणि आठवड्याभरात कुठल्या कुठल्या कंपन्यांचे लोगो, लोन, विमा आणि ‘तुमची साईट गूगलमध्ये पहिल्या नंबरवर आणतो’ असे फोन सुरू झाले. पत्ता लपवायचा असेल तर दरवर्षी वेगळे पैसे! २०१८ च्या मे महिन्यात युरोपचा जीडीपीआर कायदा लागू झाला तेव्हा कुठे या यादीतली बरीचशी नावं झाकली गेली.

डोमेनच कशाला, गेटवरचं रजिस्टर घ्या. कामानिमित्त मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत बऱ्याच फेऱ्या मारल्या. मुंबई-गोवा हायवेवरून नांगलवाडी फाट्याला आत वळलं की रसायनांच्या कारखान्यांची रांग सुरू होते. प्रत्येक गेटवर एक लांबलचक वही. नाव, कंपनी, गाव, मोबाईल नंबर, कोणाला भेटायचं, लॅपटॉपचा सीरियल नंबर, सही. तुमच्या आधी आलेल्या पंधरा जणांचे नंबर तुमच्यासमोर आणि तुमचा नंबर पुढच्या पंधरा जणांसमोर. वॉचमन काकांना विचारलं, हे कोण वाचतं? ते म्हणाले, “कोणी नाय वाचत साहेब. पण काय झालं तर लागतं.”

काय झालं तर लागतं. १८६७ च्या कायद्याचं याहून चांगलं भाषांतर मला सापडलेलं नाही.

या वसाहतीपासून महाड शहर आणि तिथलं चवदार तळं काही लांब नाही. २० मार्च १९२७ ला तिथे काय झालं हे आपण शाळेत एका परिच्छेदात शिकलो. त्यानंतर बरोबर चौदा दिवसांनी, ३ एप्रिल १९२७ ला, मुंबईत एक पाक्षिक सुरू झालं, ‘बहिष्कृत भारत’. संपादक, डॉ. भीमराव आंबेडकर. मला आज लिहायचंय ते या चौदा दिवसांनंतर त्या ओळीत आलेल्या नावाबद्दल. कारण त्याआधी सात वर्षं तेच नाव त्या ओळीत नव्हतं.

३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. कल्पना आंबेडकरांची, अग्रलेख आंबेडकरांचे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. पण संपादक म्हणून नाव होतं पांडुरंग नंदराम भटकर यांचं. कारण साधं होतं. बाबासाहेब त्या वेळी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर होते, म्हणजे सरकारी नोकरीत. कंपनीत ‘बाहेर काही लिहिण्याआधी परवानगी घ्या’ असं कलम ज्यांच्या ऑफर लेटरमध्ये आहे त्यांना ही भानगड समजावून सांगायला नको. त्यातून १९१० चा प्रेस कायदा तेव्हा जिवंत होता. नवा छापखाना किंवा नवा पेपर म्हटलं की मॅजिस्ट्रेट पाचशे ते दोन हजार रुपये अनामत मागू शकत होता. माफ करायचीही मुभा त्याला होती, पण ती त्याची मर्जी.

‘मूकनायक’च्या बाबतीत आणखी एक गोष्ट झाली. अंक निघतोय याची जाहिरात ‘केसरी’कडे पाठवली, पैसे देऊन. ती छापायला ‘केसरी’ने नकार दिला. ही हकीकत पुढे आंबेडकरांनीच ‘बहिष्कृत भारत’मध्ये लिहून ठेवली आहे. म्हणजे एकीकडे कायदा म्हणतो, तुमचं नाव आणि पत्ता जाहीर करा. दुसरीकडे तुम्ही नाव-पत्ता जाहीर करायला पैसे देऊन जाता, तर दुकानदार म्हणतो, तुमचं नाव आमच्या पानावर नको!

जुलै १९२० मध्ये बाबासाहेब शिक्षण पुरं करायला लंडनला गेले. ‘मूकनायक’ ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलपांकडे आला आणि १९२३ मध्ये बंद पडला. ज्याच्या डोक्यातून पेपर निघतो तो सात समुद्रापार, आणि ज्याचं नाव छापलंय त्याने सगळं निस्तरायचं. टीम लीड ऑनसाईट गेल्यावर प्रोजेक्टचं जे होतं ते इथेही झालं.

थोडं मागे जातो, कारण महाड परिसरात हे लिहिण्या-छापण्याचं वेड १९२७ ला अचानक आलेलं नाही. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून १८८६ ला निवृत्त झाले, दापोलीला राहिले, आणि लिहीत सुटले. ‘दीनबंधू’मध्ये, ‘सुधारक’मध्ये. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. अस्पृश्यता कुठल्या शास्त्रात सांगितली आहे ते दाखवा, असे प्रश्नांवर प्रश्न. १८९५ ला त्यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली तेव्हा बाकीच्या सदस्यांनी त्यांच्या शेजारी बसायला कुरकुर केली. वलंगकरांकडे स्वतःचा पेपर नव्हता. दुसऱ्याच्या पेपरात लिहायचं तर दुसऱ्याने छापायला हवं, ही अडचण त्यांना आयुष्यभर होती.

आणि नाव छापण्याची किंमत काय असते याचंही उदाहरण त्याच काळात, साऱ्या महाराष्ट्रासमोर घडलं. १८९७ च्या जूनमध्ये ‘केसरी’त शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता आली, टोपणनावाने. सरकारने राजद्रोहाचा खटला भरला तो कवीवर नव्हे. कवी कोण ते कुठे छापलं होतं? खटला भरला टिळकांवर आणि त्यांच्याबरोबर मुद्रक केशव महादेव बाळ यांच्यावर. टिळकांना अठरा महिने झाले, बाळ सुटले. पण आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं ते राहावं लागलंच. लेखक टोपणनावाआड जाऊ शकतो. छापणारा जाऊ शकत नाही, कारण त्याचा पत्ता पानाच्या तळाशी असतो. कायद्याची गंमत हीच होती. लेखकाला हात लावायची गरजच नाही, छापणारा घाबरला की काम झालं. आजही एखादा मजकूर नको असेल तर लिहिणाऱ्याच्या मागे कोण लागतं? सर्व्हर ज्याच्याकडे आहे त्याला नोटीस जाते.

आंबेडकरांना हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. १९२५ मध्ये पुण्यात दिनकरराव जवळकरांनी ‘देशाचे दुश्मन’ नावाची जहाल पुस्तिका लिहिली. खालच्या कोर्टात शिक्षा झाली चौघांना: लेखक जवळकर, प्रकाशक केशवराव जेधे, प्रस्तावना लिहिणारे केशवराव बागडे, आणि मुद्रक रामचंद्र लाड. प्रस्तावना लिहिली म्हणून शिक्षा, छापलं म्हणून शिक्षा! १९२६ मध्ये अपिलात या मंडळींचं वकीलपत्र बॅरिस्टर आंबेडकरांनी घेतलं आणि ते सुटले. म्हणजे महाडच्या आधी वर्षभरातच या माणसाने त्या तळाच्या ओळीतल्या एकेका नावाची किंमत कोर्टात उभं राहून बघितली होती. आणि तरी एप्रिल १९२७ मध्ये ती ओळ स्वतःच्या नावाने भरली. आता ते सरकारी नोकर नव्हते, मुंबई कायदेमंडळाचे नेमलेले सदस्य होते, हे खरंच. १९२२ च्या दुरुस्तीने संपादकाचं नाव छापणं सक्तीचं झालं होतं, हेही खरं. पण नाव दुसऱ्या कोणाचंही टाकता आलं असतं. ‘मूकनायक’ला टाकलं होतंच की.

माझा अंदाज असा की महाडनंतर नाव झाकण्यात अर्थच उरला नव्हता. आणि त्याचं कारण आंबेडकर स्वतः नव्हते, तिथे आलेले लोक होते.

१९ आणि २० मार्चला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडात भरली. ती व्हावी म्हणून लाडवली-दासगाव भागातले रामचंद्र बाबाजी मोरे आणि स्थानिक मंडळी आधी काही वर्षं मागे लागली होती. अनंतराव चित्रे, महाड नगरपालिकेचे सुरबानाना टिपणीस बरोबर होते. परिषदेला अडीच-तीन हजार माणसं आली. पाणी चाळीस रुपयांना विकत घ्यावं लागलं. नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्येच तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव केला होता, पण ठराव कागदावर आणि पाणी तळ्यात. २० तारखेला लोक मिरवणुकीने गेले आणि पाणी प्यायले. मग गावात अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मांडवावर लाठ्या घेऊन हल्ला झाला. जेवत असलेल्यांना, परतीच्या वाटेवर असलेल्यांना, गावोगाव पोचलेल्यांना मारलं.

गावोगाव पोचलेल्यांना कसं मारलं? कारण कोण गेलं होतं ते गावाला माहीत होतं. कुठल्या यादीची, रजिस्टरची गरज नव्हती. महारवाड्यातून सकाळी कोण बाहेर पडलं, कुठल्या वाटेने गेलं, हे अख्खं गाव बघत असतं. आपण ज्याला प्रायव्हसी म्हणतो, नाव न कळता जाणं-येणं, बोलणं, पाणी पिणं, ती त्या माणसांच्या वाट्याला कधीच आली नव्हती. त्यांचं आडनाव, त्यांची वस्ती, गावकुसाबाहेरचं त्यांचं घर, सगळंच जाहीर होतं. त्यांना स्वतःला न विचारता जाहीर. अशा माणसांसाठी काढलेल्या पेपरच्या संपादकाने नाव झाकून बसावं, हे त्या चौदा दिवसांनंतर शक्य नसावं.

नाव दिलं, आता रोजचा ताप.

ज्यांनी एकट्याने एखादी गोष्ट चालवली आहे, मग ते दिवाळी अंक असोत की सोसायटीचं पत्रक, त्यांना कल्पना असेल. मजकूर लिहिणं हा त्यातला सोपा भाग. त्या काळी देवनागरी छपाई म्हणजे शिशाचे खिळे. इंग्रजीला शे-दीडशे खिळ्यांत भागतं, आपल्याकडे जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, वरच्या मात्रा, खालचे उकार धरून शेकड्यांनी घरं. जुळारी उभा राहून एकेक खिळा उचलणार, ओळ जुळवणार, मग कच्चं मुद्रित निघणार, ते तपासायचं, दुरुस्त्या परत जुळाऱ्याकडे. मात्रा तुटली, रफार उडाला, की अर्थाचा अनर्थ. आमच्या पिढीने शुषा आणि शिवाजी फॉन्टमधलं पत्र मेलने पाठवलं आणि समोरच्याला नुसत्या चौकोनांची आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली. आमची युनिकोडने सुटका केली. जुळाऱ्याची कोण करणार? त्याचे डोळे जाईपर्यंत तो खिळे उचलत राहायचा.

मग कागद, छपाईचं बिल, पोस्टाची तिकिटं, पत्ते लिहिणं, वर्गणी थकलेल्यांना आठवण. वाचक सगळे गरीब, जाहिरातदार नाहीत. ‘बहिष्कृत भारत’च्या पहिल्या वर्षाअखेरीस, १९२८ मध्ये, आंबेडकरांनी ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ या नावाने जमाखर्चच मांडला. वर्षभर चोवीस-चोवीस रकाने स्वतः लिहून काढले, प्रकृतीकडे, सुखसोयींकडे बघितलं नाही, असं त्यांनी त्यात सांगितलं आहे. चोवीस रकाने, दर पंधरवड्याला. म्हणजे वेळेवर अंक निघाले तर वर्षाला सव्वीस अंक, सहाशे चोवीस रकाने, एका हाताने. आणि हे करत असताना वकिली, कायदेमंडळ, शिकवणं, सभा, महाडचा खटला. आपण इथे दोन आठवड्यांतून एकदा एक लेख टाकायचा तर रिलीजचं कारण सांगतो.

बरं, त्या रकान्यांत काय होतं? एप्रिल-मे १९२७ च्या अंकांत महाडवरचीच लेखमाला आहे. महाडला जे झालं त्याची जबाबदारी कोणाची, हे त्यांनी एकेक करून घेतलं: वरिष्ठ हिंदूंची किती, इंग्रज सरकारची किती, आणि अस्पृश्य वर्गाची स्वतःची किती. हल्ली प्रोजेक्ट पडल्यावर ‘रूट कॉज ॲनालिसिस’ करतात, त्यात आपल्या टीमचा रकाना बहुतेक वेळा रिकामा असतो. इथे तो रिकामा नव्हता.

अंक तयार झाला की तो पोस्टात. १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्यात सार्वजनिक आणीबाणी किंवा शांतता-सुरक्षेच्या कारणाने टपाल अडवून घ्यायचा अधिकार सरकारकडे होता. तेवढं करायची वेळ बहुधा येतही नसे. प्रांतिक सरकारचे भाषांतरकार देशी पेपर वाचून त्यांचे सारांश इंग्रजीत करायचे, ते छापील अहवाल अधिकाऱ्यांकडे जायचे. याशिवाय पोलिसांचं गुप्त टिपण वेगळं. सभेत कोण काय बोललं, किती माणसं होती, ठराव काय झाले. १९८२ साली महाराष्ट्र सरकारने आंबेडकर आणि अस्पृश्यांच्या चळवळीविषयीच्या साधनांचा पहिला खंड काढला, त्यात वर्तमानपत्रांतल्या बातम्यांबरोबर या पोलिसी नोंदीही आहेत. पाळतीसाठी लिहिलेली टिपणं आज आपल्याला इतिहास म्हणून उपयोगी पडतात, याचं बरं वाटावं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही. वाचताना मात्र मी ती अधाशासारखी वाचली.

खेडेगावातल्या वर्गणीदाराची अडचण आणखी वेगळी. अंकाच्या वेष्टनावर नाव, गाव, वस्ती. पोस्टमन एक. कोणाकडे ‘बहिष्कृत भारत’ येतो हे लपून राहायची सोय नाही, आणि अक्षर वाचता येणारा वस्तीत एखादाच, म्हणजे अंक मोठ्याने वाचायचा, दहा जणांनी ऐकायचा. वर्गणीदारांच्या यादीचं महत्त्व जगात इतरत्रही लोकांना असंच मार खाऊन कळलं. अमेरिकेत अलाबामा राज्याने कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेकडे सभासदांची नावं-पत्ते मागितले. संघटनेने नकार दिला, आणि १९५८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने संघटनेच्या बाजूने निकाल दिला. नावं बाहेर पडली की नोकऱ्या जातात, मारहाण होते, हे कोर्टाला पटलं. दोन वर्षांनी, १९६० मध्ये, लॉस एंजेलिसच्या मॅन्युएल टॅली यांचा खटला. नोकऱ्या देताना वंशभेद करणाऱ्या उत्पादकांचा माल विकणाऱ्या दुकानांवर बहिष्कार टाका, अशी पत्रकं ते वाटत होते. शहराचा नियम होता की पत्रकावर छापणाऱ्याचं नाव-पत्ता पाहिजे. दहा डॉलर दंड झाला. सुप्रीम कोर्टाने तो नियमच रद्द केला. आपल्याकडे १८६७ ची ओळ तशीच राहिली, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं आपल्या सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावं लागलं.

मी काही ती ओळ काढूनच टाका या मताचा नाही. निनावी लिहिणारे काय काय लिहितात ते आपण रोज बघतो. बदनामी करून पळून जाणाऱ्याला शोधायला कुठेतरी पत्ता हवाच. पण तोच नियम ज्याच्यामागे पैसा, जात, गाव उभं आहे त्याला लावला तर ती एक औपचारिकता असते, आणि ज्याच्यामागे कोणी नाही त्याला लावला तर लाठी घेऊन येणाऱ्यांना घर दाखवणं होतं. नियम करणाऱ्यांच्या लक्षात ही गोष्ट येत नाही असं मला वाटत नाही.

आणि गंमत बघा, खासगीपणाचा खरा दावा महाडमध्ये केला कोणी? १९२७ च्या डिसेंबरमध्ये सत्याग्रहाची दुसरी फेरी ठरली. त्याआधी १२ डिसेंबरला महाडच्या सवर्णांनी दिवाणी दावा लावला. तळं सार्वजनिक नाही, ते स्पृश्यांच्याच वहिवाटीचं, एका अर्थी खासगी आहे, आणि अस्पृश्यांनी तिथे न येण्याची अनादी काळापासूनची रूढी आहे. १४ तारखेला तात्पुरता मनाईहुकूम मिळाला. प्रतिवादी म्हणून आंबेडकर आणि त्यांचे सहकारी, नावासकट. २४ तारखेला आंबेडकर ‘पद्मावती’ बोटीने निघाले, दुसऱ्या दिवशी दासगावला उतरले आणि महाडला आले. सभेला गावात कोणी जागा देईना, ती फत्तेखान यांनी दिली. २५ ला मनुस्मृती जाळली गेली, पण कोर्टाचा हुकूम मानून तळ्यावर मात्र लोक पाणी न घेता शिस्तीत फिरून आले. तो दावा दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला. तळं नगरपालिकेचं आहे आणि अनादी रूढी सिद्ध झालेली नाही.

तोपर्यंत ‘बहिष्कृत भारत’ बंद होऊन सव्वासात वर्षं झाली होती. शेवटचा अंक १५ नोव्हेंबर १९२९ चा. पाक्षिकाच्या हिशेबाने अडुसष्ट-एकोणसत्तर अंक निघायला हवे होते, निघाले त्याहून बरेच कमी. पैसे, वेळ, दोन्ही पुरे पडले नाहीत. वर्षभराने, २४ नोव्हेंबर १९३० ला ‘जनता’ सुरू झालं, तेव्हा संपादक म्हणून देवराव नाईकांचं नाव होतं. ‘जनता’ टिकलं, आणि १९५६ मध्ये त्याचं ‘प्रबुद्ध भारत’ झालं. महाडच्या परिषदेमागे लागलेले रामचंद्र मोरे पुढे कम्युनिस्ट झाले आणि त्यांनीही १९६५ मध्ये ‘जीवनमार्ग’ नावाचं साप्ताहिक काढलं. एकदा हा नाद लागला की सुटत नाही म्हणतात ते खोटं नाही.

१८६७ चा कायदा मात्र सगळ्यांना पुरून उरला. त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ ला लागू झाला. आता मॅजिस्ट्रेटसमोर जाऊन उभं राहावं लागत नाही, अर्ज ऑनलाईन भरायचा. पोर्टल आहे, लॉगिन आहे, फॉर्म आहे. फॉर्ममध्ये नाव आहे, आणि पत्ता.